अर्धं सूत

गुडघ्यांचे डॉक्टर आणि सायकलचे मिस्त्री एकच शब्द वापरतात, हे मला एकाच आठवड्यात कळलं. सोमवारी मिरजेत डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "झीज आहे." शुक्रवारी सांगलीत मिस्त्रींनी माझ्या सायकलची चेन दोन बोटांत धरून पुढे ओढली आणि म्हणाले, "सर, झीज हाय." पुढे दोघांनी वाट्यांचाही विषय काढला. गुडघ्याच्या वाट्या बदलायची वेळ अजून आलेली नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. सायकलच्या वाट्या आणि छर्रे अजून चार वर्षं बघायला नकोत, असं मिस्त्रींचं. "पण चेन बदला. आणि मागचं फ्री बी." फ्री म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, फ्रीव्हील.

आता, बदलणं हे आमच्या घराण्यात नाही. आमच्याकडे बनियन जुना झाला की त्याचं फडकं होतं, फडकं जुनं झालं की ते सायकल पुसायला जातं, आणि सायकल पुसून जे उरतं ते सायकलच्याच सीटखाली कोंबून ठेवलेलं असतं, कारण कधी लागेल सांगता येत नाही. कानतुटका कप दाढीच्या पाण्याला. चालतंय तोवर चालू द्यावं हा कुलाचार. आणि चेन तर चालत होती! किरकिरत होती, क्वचित उतरत होती, पण चालत होती. चालणाऱ्या वस्तूला बदला म्हणणारा माणूस एकतर विक्रेता असतो किंवा उधळ्या. मिस्त्री दोन्ही नव्हते, त्यामुळे माझी पंचाईत झाली.

"कशावरून?" मी विचारलं. गणिताच्या मास्तरला बोटांनी ओढून दाखवलेला पुरावा चालत नाही.

मिस्त्रींनी भिंतीच्या खिळ्यावरची स्टीलची फूटपट्टी काढली. तसल्या फूटपट्टीचा मी एकतीस वर्षं दुसराच उपयोग केला, पण ते असो. त्यांनी पट्टीचं शून्य चेनच्या एका पिनेवर मधोमध ठेवलं आणि मला दुसरं टोक बघायला सांगितलं. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची. म्हणजे 24 कड्या मोजल्या की बरोबर 12 इंच, आणि नव्या चेनची पंचविसावी पिन पट्टीच्या 12 च्या रेघेवर यायलाच हवी. माझी पिन रेघ ओलांडून पुढे गेली होती. थोडीच, पण पुढे.

"अर्धं सूत वाढलं तर नुसती चेन बदलायची," मिस्त्री म्हणाले. "एक सूत वाढलं तर फ्रीसकट. तुमची सव्वा सूत हाय."

एका इंचाची आठ सुतं. सुतार, गवंडी, फिटर सगळे याच हिशेबाने चालतात, आणि आम्ही शाळेत मात्र मुलांना मिलिमीटर शिकवतो. सव्वा सूत म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. एका फुटात एवढं पोलाद वाढलं कुठून?

सगळे म्हणतात, चेन ताणली गेली. मीही तसंच म्हणत आलो. पण पोलाद म्हणजे काही विजारीतलं इलॅस्टिक नव्हे. चेनच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच लांबीच्या असतात. झिजतात त्या आतल्या पिना आणि पिनांभोवतीच्या नळ्या. चेन दात्यावर चढताना प्रत्येक कडी वळते, उतरताना पुन्हा सरळ होते, आणि त्या वळण्यात पिन नळीला घासते. एका सांध्यात किती झीज? एक सूत वाढ 24 सांध्यांत वाटा, तर एकेकाच्या वाट्याला मिलिमीटरचे तेरा शतांश येतात. डोक्यावरचे दोन केस एकमेकांवर ठेवा, फार तर तेवढं. (माझ्याकडे मोजायला मोजकेच आहेत.) पण सांधे शंभराच्या वर, आणि प्रत्येकाने एवढं एवढं दिलं की बेरीज दिसू लागते. पिनेभोवती नळी आणि नळीभोवती फिरता रूळ असली ही रचना हान्स रेनॉल्ड नावाच्या गृहस्थांनी 1880 साली मँचेस्टरमध्ये केली. जन्माने स्विस माणूस. त्याने पिनेवरचा भार नळीच्या पूर्ण लांबीवर पसरवला, म्हणून चेन पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकू लागली. झीज मात्र त्यालाही थांबवता आली नाही.

घरी आल्यावर मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. माझी सायकल बावीस इंची, काळी. पुढे 44 दाते, मागे 18, चेन 112 कड्यांची. पायडलाचा एक फेरा म्हणजे मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, सुमारे साडेपाच मीटर. त्या हिशेबाने किलोमीटरला प्रत्येक कडी सत्तरच्या वर फेऱ्या मारते आणि दर फेरीत चारदा वळते. सांगलीहून मिरजेची शाळा जाऊन-येऊन 20 किलोमीटर. म्हणजे नोकरीत असताना रोज प्रत्येक कडी साडेपाच-सहा हजार वेळा वाकली. तेवढ्याच अंतरात माझा एकेक गुडघा साडेतीन हजारांच्या वर वाकला. कडीपेक्षा कमीच. तरी तिने कधी एक्स-रे मागितला नाही.

मग मी हिशेबाच्या खाली माझे गुन्हे लिहिले. पहिला तेलाचा. दर रविवारी मी चेनला हात सैल सोडून तेल पाजत असे; कधी शिलाई मशीनचं, ते संपलं तर खोबरेल. चेन काळी कुळकुळीत चमकली की मला समाधान वाटे. आमच्याकडे सायकलच्या वार्षिक दुरुस्तीला ओव्हरऑइल म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉल आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर मी तो शब्दशः पाळत आलो होतो. मिस्त्रींनी बोट चेनवरून फिरवून माझ्यापुढे धरलं. काळा, दाट, खरखरीत लगदा. "हे तेल न्हाई सर, हे वाटण हाय." तेलाला रस्त्याची धूळ चिकटते, आणि मग चेनच रोज ते पाट्यावर वाटत बसते. तेल लागतं ते आत, पिनेला. एकेका रुळावर एकेक थेंब टाकायचा, पायडल उलटं फिरवून मुरू द्यायचं आणि बाहेरचं सगळं फडक्याने पुसून काढायचं. सगळं? "सगळं." तेल घालून ते पुसून टाकायचं, हे आमच्या कुलाचारात कसं बसवावं हा एक वेगळाच पेच.

दुसरा गुन्हा माझा नव्हे, कृष्णेचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती आमच्या गावभागात आली तेव्हा सायकल अंगणात होती आणि आम्ही नातेवाइकांकडे. पाणी ओसरल्यावर सायकल गाळाचं चिलखत घालून उभी. मी नळाखाली धुतली, तेल पाजलं आणि वापरायला काढली. बाहेरचा गाळ गेला, सांध्यांतला राहिला. बारीक रेती आणि वर तेल! ज्याला पोलाद घासायचं असेल त्याने हेच मिश्रण करावं.

तिसरा गुन्हा आमच्या दोघांचा. चेन सैल पडली की मिस्त्री मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळून देत. पुढे जागा उरली नाही तेव्हा त्यांनी दोन कड्याच काढून टाकल्या. चेन पुन्हा ताठ. मला वाटलं, चला, झीज मिटली. पण सैलपणा वेगळा आणि कडीची लांबी वेगळी. पोट सुटल्यावर पट्ट्याला नवं भोक पाडण्यासारखा तो उपाय होता.

एवढं कळूनही मी चेनच बदलली. फ्रीव्हील नाही. "फ्री पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणालो. मिस्त्री माझ्याकडे, मी ढ मुलाकडे बघत असे तसं बघत राहिले.

नवी चेन सपाटीवर गोड चालली. दुसऱ्या दिवशी उड्डाणपुलाचा चढ आला. मी सीटवरून उठून उभा राहिलो, सगळं वजन उजव्या पायडलवर टाकलं आणि खट्! पाय मोकळा खाली गेला, गुडघा, तोच तो एक्स-रेवाला, हँडलवर आपटला, चप्पल दुभाजकापलीकडे गेली आणि मी सायकलला मिठी मारून उभा. मागून एक मोटारसायकल थांबली. "सर, लागलं का?" माझाच विद्यार्थी, अपूर्णांकांत कायम नापास झालेला. त्याने चप्पल आणून दिली, चेनकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, स्पॉकेट गेलंय. आमच्यात तिन्ही एकदमच बदलतात की, चेन आन् दोन्ही स्पॉकेट." मोटारसायकलवाल्यांना पुड्यात तिन्ही बांधून मिळतात, त्यामुळे त्यांच्यापुढे नैतिक प्रश्न उभेच राहत नाहीत.

सायकल ढकलत दुकानात गेलो. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "पायडल मोकळंच फिरतंय, का जोर दिला की चेन उडतीय?" प्रश्न साधा नव्हता. फ्रीव्हीलच्या पोटात दोन छोटे खटके असतात. पायडल पुढे मारलं की ते आतल्या दात्यांत अडकून चाकाला ओढतात, पायडल थांबलं की दात्यांवरून कटकट घसरत जातात. उतारावर ऐकू येणारा आवाज तो त्यांचाच. मिस्त्री लोक त्यांना कुत्रं म्हणतात. स्प्रिंग मेली किंवा गाळ बसला की पायडल नुसतंच फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. तेव्हा निदान होतं, "कुत्रं चावत न्हाई." कुत्रं चावत नाही अशी तक्रार घेऊन माणसं येतात असं जगाच्या पाठीवर हेच एक ठिकाण असावं.

माझं कुत्रं चावत होतं. दात गेले होते ते बाहेरचे. मिस्त्रींनी चेन उतरवून मला फ्रीव्हील जवळून दाखवलं आणि शेजारी नवं धरलं. नव्याचे दात सरळ, दोन दातांमधली खोबण गोल, कडीचा रूळ बसेल एवढीच. माझ्याचे दात एका बाजूने खाल्लेले, टोकाशी विळ्यासारखे वळलेले, आणि खोबणी पसरट. वाढलेली कडी दाताच्या मुळाशी बसेना, म्हणून वर सरकून बसू लागली. अठरांपैकी जेवढे दात चेनच्या पकडीत, त्यांनी भार वाटून घ्यायचा, तर तो एकदोघांवरच पडू लागला. ते झिजले, मग पुढचे. जुन्या चेनने स्वतःच्या मापाचं घर त्या फ्रीव्हीलमध्ये कोरून घेतलं होतं. त्यात ती सुखाने चालत होती. नवी अर्ध्या इंचाची प्रामाणिक कडी त्या घरात बसेना. जोर आला की दात चढून पलीकडे उडी. (इथे एक उपमा अगदी तोंडाशी आली आहे. पण माझं लिहिलेलं घरी वाचलं जातं.)

"नव्या चेनचं जुन्या फ्रीशी सूत जुळत न्हाई," मिस्त्री म्हणाले. हातात सूत मोजायची पट्टी तशीच होती. आपण काय बोलून गेलो याचा त्यांना पत्ताही नव्हता. मराठीच्या बाई सोबत असायला हव्या होत्या.

"आणि पुढचं चक्र?" मी घाबरत विचारलं. ते वाचलं होतं. 44 दात्यांतल्या एकेकाला फेऱ्यात एकदा काम, मागच्या अठरांतल्या एकेकाला जवळजवळ अडीचदा. माणसं कमी आणि काम तेच, अशा कचेरीत आधी कोण झिजतं हे सांगायला नको. पण मी आणखी दोन वर्षं कुलाचार पाळला असता तर तेही गेलं असतं, आणि मग क्रँकची कॉटर पिन ठोकून काढण्यापासून सगळं आलं. म्हणजे खऱ्या चिक्कूने चेन लवकर बदलायला हवी. वेळच्या वेळी बदललेल्या दोन-तीन चेनी एका फ्रीव्हीलवर निघतात. मी एका चेनवर एक फ्रीव्हील खर्ची घातलं आणि वर त्याला काटकसर म्हटलं. माझ्या चिक्कूपणात हिशेबाची चूक निघावी, याचं मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

मिरजेत शाळेच्या वाटेवर तंबोरे करणाऱ्यांची दुकानं लागत. तारा वर्षानुवर्षं घोडीवर घासून तिच्यात बारीक चर पडतात आणि तंबोऱ्याचा भरलेला आवाज कोरडा होतो. मग कारागीर ती घोडी घासून पुन्हा जवारी लावतो. चर डोळ्यांना दिसायच्या आत तो कानाने ओळखतो. नवं फ्रीव्हील बसवून मिस्त्रींनी मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले, तेव्हा मला त्या दुकानांची आठवण झाली. तिथे घोडी झिजते, इथे कुत्रं. कान सारखेच लागतात. चेनचा आवाज असा येत नव्हताच. आपली सायकल इतकी वर्षं बोलत होती हे ती गप्प झाल्यावर कळलं.

दिवाळीत पुण्याचा भाचा आला. त्याच्या सायकलला मागे अकरा चक्रं आणि खिशात चेन मोजायचं चपटं हत्यार, त्यावर अर्धा टक्का आणि पाऊण टक्का असे आकडे. त्याची बारीक चेन अर्ध्या टक्क्याला बदलायची. आठ-दहा गिअरवाल्यांना पाऊण टक्क्यापर्यंत सवलत. मी लगेच गुणाकार केला. 12 इंचांचा अर्धा टक्का म्हणजे इंचाचे सहा शतांश, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाला अगदी लागून. मिस्त्रींचं अर्धं सूत! भाच्याला मी हे तीनदा समजावून सांगितलं. तो "हो मामा" म्हणाला. तीनदा.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फूटपट्टी लावतो आणि जे माप येईल ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतो, दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी. पहिले चार महिने शून्य. पाचव्या महिन्यात पिन रेघेच्या जराशी पलीकडे दिसली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, पेन्सिलीने नोंद केली आणि फिरायला गेलो.

परत आलो तर ओट्यावर लादीपाव.

"अहो, तुम्ही लिहिलेलं आणलंय," आतून आवाज आला. "पण सूत कुठल्या रंगाचं हवंय, ते नाही लिहिलंत."