बेंझराव

सुभाष रोडवरच्या आमच्या कचेरीत एका सोमवारी दहाच्या आत झाडून सगळे जागेवर हजर होते. असं पूर्वी कधी घडल्याचं जुन्या मंडळींनाही आठवत नव्हतं. झालं एवढंच, की पावणेदहाच्या सुमारास खालच्या पानवाल्याला कचेरीसमोर काळी मर्सिडीज थांबलेली दिसली आणि तिचा नंबर डीएलनं सुरू होत होता. आमची कचेरी केंद्र सरकारची. दिल्लीचा नंबर, काळी लख्ख गाडी, म्हणजे इन्स्पेक्शनच. बातमी जिना चढून वर येईपर्यंत 'जॉइंट सेक्रेटरी स्वतः आलेत' इथवर वाढली होती. आवक-जावकच्या वहीत तुंबलेल्या नोंदी झरझर उतरल्या. हेडक्लार्कबाईंनी निवडायला घेतलेली मेथी फायलींच्या मागं सारली. साहेब कोट शोधायला लागले. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले आणि दारात उभे राहिले आमचेच डिस्पॅचचे गृहस्थ. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात किल्ली, आणि किल्लीवरचा तीन टोकांचा तारा सगळ्यांना दिसेल अशा बेतानं धरलेला.

त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं. एरवी ते बेंझराव.

बेंझराव राहतात हुबळीला, नोकरीला धारवाडात. वीस-बावीस किलोमीटरची ही ये-जा त्यांनी आधी बेंद्रे बसनं केली, मग स्कूटरनं, मग जुन्या मारुतीनं. पण मनात मर्सिडीज होती. आता डिस्पॅचच्या पगारात मर्सिडीज कशी, याचं उत्तर दिल्लीत आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, आणि तिथल्या शेठलोकांच्या चांगल्या धडधाकट गाड्या दहाव्या वर्षाच्या तोंडावर वनवासाला निघाल्या. नवी असताना ४० लाखांच्या पुढं असलेली ई-क्लास एनओसी घेऊन नव्या वॅगनआरच्या भावात हुबळीला उतरते. कुणी रिटायर झाल्यावर काशीला जातं, ह्या गाड्या दक्षिणेला येतात. बेंझराव हे सगळं मोबाईलवर कित्येक महिने बघत होते. डिस्पॅचला डाक उशिरा निघायची ती त्यामुळं, हे आम्हाला मागाहून कळलं.

गाडी लावण्याचा त्यांचा सोहळा बघण्यासारखा असतो. सुभाष रोडवर दोन्ही अंगांना दुकानं, दुकानांपुढं दुचाक्या, दुचाक्यांपुढं हातगाड्या. त्यातून ती लांबलचक गाडी कडेला घ्यायची म्हणजे निम्मा बाजार कामाला लागतो. कापडवाल्याचा पोरगा "बर्ली, बर्ली" म्हणत मागं बोलावतो, पानवाला "साकु!" म्हणून ओरडतो, आणि दोघांच्या मधे गाडीचा स्वतःचा सेन्सर टुकटुकत असतो. शेवटी बेंझराव उतरतात, दार हलकेच लावतात (जोरात लावलेलं त्यांना खपत नाही), चार पावलं जातात आणि मागं न बघता किल्लीचं बटण दाबतात. धारवाडी म्हैस रवंथ करता करता कान मागं टाकते ना, तसे गाडीचे दोन्ही आरसे मिटतात. कापडवाल्याचं गिऱ्हाईक दर वेळी बघतं. बेंझराव जिना चढतात तेव्हा त्यांची चाल साहेबांची असते. वर येऊन टेबलाशी बसले की पुन्हा डिस्पॅचची.

खरं तर हा रस्ता असल्या थाटाचा नव्हेच. इथंच मनोहर ग्रंथमालेचा तो प्रसिद्ध अट्टा, म्हणजे माळा. जी. बी. जोशींच्या भोवती तिथं कन्नड साहित्य जमायचं, गिरीश कार्नाडांची नाटकं तिथनं छापून बाहेर पडली. तो जिना चढणाऱ्याला कुणी गाडी कुठली विचारल्याचं ऐकिवात नाही. आमचे मराठीतले जी. ए. कुलकर्णी ह्याच गावात इंग्रजी शिकवत राहिले, आणि काळ्या चष्म्याआड स्वतःला त्यांनी असं लपवलं की शेजाऱ्यालाही पत्ता लागू नये. पण जी. एं.ना लपायचं होतं. बेंझरावांना लपायचंही असतं आणि दिसायचंही असतं, आणि त्यांचा खरा जाच तिथं सुरू होतो.

पहिला प्रश्न अर्थात ॲव्हरेजचा. तो साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला, मराठीत "किती देते हो?" आणि कन्नडात "एष्ट कोडतैत्री?" बेंझरावांना ह्या प्रश्नाचा मनस्वी संताप आहे. "मर्सिडीजला ॲव्हरेज विचारत नसतात," असं ते म्हणतात, आणि जरा थांबून, "हायवेला बरी देते," असंही म्हणतात. गावात किती देते ते फक्त त्यांना आणि पंपवाल्याला माहीत.

दुसरा प्रश्न किमतीचा. त्याला त्यांच्याकडं माणूस बघून उत्तर. साहेबांना सांगताना गाडी जवळजवळ फुकट पडली. व्याह्यांना सांगताना ते खोटं बोलत नाहीत, फक्त "नवी चाळीसच्या पुढं होती" एवढंच म्हणून पाण्याचा घोट घेतात. कन्नड सहकाऱ्यांपुढं ती जर्मन असते. आम्हा मराठी दोघातिघांपुढं ती एकदम घरची होते: "अहो, चाकणला बनलीय. माहेर पुण्याचं आहे तिचं." आणि यात खोट काढायलाही जागा नाही. १९९५ पासून मर्सिडीज पुण्यात जुळवली जाते, आधी टेल्कोच्या आवारात, नंतर चाकणला.

ही सगळी भावपत्रकं एका कागदानं उधळली. दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून मोठी खरेदी केली की केंद्र सरकारच्या नोकराला ती वर कळवावी लागते. बेंझराव नियमाचे पक्के. त्यांनी जंगम मालमत्तेचा फॉर्म भरला, किंमत अक्षरी नि अंकी लिहिली आणि सीलबंद पाकिटात आस्थापना विभागात दिला. आमच्या आस्थापना विभागात सीलबंद पाकीट म्हणजे आधी वाचायचं पाकीट. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकडा खालच्या पानवाल्यापर्यंत पोचला होता. जंगम म्हणे, अर्धा महिना गॅरेजात असते, स्थावरच्या रकान्यात दाखवा, असा शेराही कुणीतरी दिला.

आकडा कळल्यावर पेढ्यांचा वाद निघाला. गाडी घेतली की लाइन बझारातून ठाकुरांचे पेढे यायचे, हा आमच्याकडं अलिखित कायदा. पण दहा वर्षं वापरलेल्या गाडीचे पेढे मागायचे का? हेडक्लार्कबाईंचं मत पडलं, पेढे पहिल्या मालकानं दिल्लीत वाटले असतील, दोनदा कशाला. अकाउंट्सवाले म्हणाले, घसारा धरून अर्धा किलो पुरेल. शेवटी निकाल दिला शिपायानं. "गाडी जुनी असू दे की री, पेढा ताजा असला म्हणजे झालं." पेढे आले. दोन किलो आले. खाताना सगळ्यांनी पुन्हा एकदा ॲव्हरेज विचारलं.

साहेबांची गोष्ट जरा नाजूक. साहेबांकडं स्विफ्ट आहे, नवी घेतलेली, हप्ते चालू असलेली. ते बेंझरावांना कधी काही बोलले नाहीत. फक्त एकदा टूरला जाताना डिपार्टमेंटची जीप नव्हती, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमची गाडी काढा की. मी मागं बसतो." तिथनं बेळगावपर्यंत साहेब मागच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि बेंझराव पुढं गाडी हाकत राहिले. बेळगावच्या ऑफिसात उतरल्यावर तिथल्या लोकांनी साहेबांना हार घातला आणि बेंझरावांना चहा कँटीनमध्ये मिळेल म्हणून सांगितलं. गोपनीय अहवालाचे दिवस जवळ आले की बेंझराव हल्ली गाडी मागच्या बोळात लावतात.

पण खरी परीक्षा क्रेडिट सोसायटीत झाली. गाडीचा गिअरबॉक्स आडवा आला. मेकॅनिकनं लॅपटॉप लावला, पडद्यावर लाल अक्षरं आली, आणि त्यानं जो आकडा सांगितला त्यात एक बरी स्कूटर आली असती. जुन्या उंची गाडीची हीच ग्यानबाची मेख आहे. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिच्या पार्टाची उतरत नाही. विकत घेताना ती वॅगनआर असते, दुरुस्तीला नेली की पुन्हा चाळीस लाखांची. बेंझरावांनी सोसायटीकडं कर्जाचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वाहन दुरुस्ती'. कमिटीत मीही होतो. अध्यक्षांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "मर्सिडीजवाल्यांना आपण कर्ज द्यायचं?" बेंझराव समोर बसून आपण किती गरीब आहोत ते सांगू लागले. मुलीची फी, घराचा हप्ता, आईचा मोतीबिंदू. सगळं खरं होतं. पण ते बोलत असताना हातातली किल्ली टेबलावर होती आणि पाचही जणांची नजर तिच्यावर. शेवटी एका सभासदानं विचारलं, "जामीन कोण राहणार?" बेंझराव म्हणाले, "गाडीच तारण ठेवा की." त्यावर अध्यक्ष मनापासून हसले. कर्ज मंजूर झालं ते आईच्या मोतीबिंदूवर. गिअरबॉक्सचे सुटे भाग बेंगळुरूच्या जे. सी. रोडवरनं व्हीआरएलच्या पार्सलनं आले. आईचा डोळा दिवाळीनंतर झाला, तो सरकारी योजनेत.

त्यानंतर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा कायमचा पेटला. गाडी धावते, दिवा विझत नाही. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदला, बेंझराव म्हणतात बघू. मधल्या काळात हेडक्लार्कबाईंनी सुचवल्यावरून त्यांनी सिद्धारूढ स्वामींचा छोटा फोटो नेमका त्या दिव्यापुढं बसवला. आता रात्री स्वामींच्या मागं मंद पिवळी प्रभा दिसते. गाडीत बसणारे नव्वद टक्के लोक नमस्कार करतात.

लग्नसराईत मात्र बेंझरावांचं राज्य. मावसभावाच्या मुलाचं लग्न असो की चुलत मेव्हण्याचं, नवरदेव त्यांच्याच गाडीतनं यायचा. फुलांच्या माळा चढतात, बॉनेटवरच्या ताऱ्याला मोगऱ्याची वेणी बसते. ह्या दिवसांत ते कुणालाही किंमत सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. एका कार्यालयाच्या दारात ते सफारी घालून गाडीला टेकून उभे होते, तर मुलीकडच्या कुणा वडीलधाऱ्यानं त्यांच्या हातात पन्नासची नोट ठेवली आणि म्हणाले, "ड्रायव्हर, जेवून घ्या हं, वरच्या मजल्यावर पंगत आहे." बेंझरावांनी ही गोष्ट स्वतःच येऊन सांगितली, हसत हसत. नोटेचं काय केलंत, असं मी विचारलं. "डिझेल," म्हणाले.

ह्या नादाचं समर्थन ते भीमसेन जोशींच्या नावानं करतात. आमच्याकडं कुठल्याही वेडाला भीमसेनांचा दाखला चालतो. पंडितजी ह्याच बाजूचे, जुन्या धारवाड जिल्ह्यातले, आणि गाड्यांचा त्यांचा षोक जगजाहीर. दूरदूरच्या मैफलींना स्वतः गाडी हाकत जायचे, रात्रभर गायचे. "बघा, अण्णांनाही हा नाद होता," असं बेंझराव एकदा म्हणाले तेव्हा अकाउंट्सवाले शांतपणे म्हणाले, "अण्णा गात होते री. तुम्ही तिकिटं चिकटवता."

सुट्टीत गाडी घेऊन ते पुण्याला गेले होते, मोठ्या बहिणीकडं. परत आले ते खट्टू होऊन. पुण्यात कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सोसायटीच्या वॉचमननं "व्हिजिटर पार्किंग फुल आहे, बाहेर लावा" म्हणून सांगितलं, आणि भाच्यानं गाडीकडं एक नजर टाकून विचारलं, "मामा, हे जुनं मॉडेल ना?" चारशे किलोमीटर उलटं येताना निपाणी ओलांडल्यावर कुठं त्यांना बरं वाटायला लागलं. धारवाडात शिरल्यावर तर पहिल्याच सिग्नलला एका पोरानं मोबाईल काढून फोटो घेतला.

मग वर्ष भरत आलं. मोटार वाहन कायद्यानं परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकात त्यासोबत आजीवन रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो, तोही देशातल्या चढ्या दरांपैकी एक. शिवाय हिशेब धरतात मूळ किमतीवरनं, वयाची सूट वजा करून. ज्या किमतीचा व्याह्यांपुढं नुसता उच्चार करून पाणी प्यायचे, तीच किंमत आरटीओच्या पावतीवर उतरली. अख्ख्या जगात ह्या गाडीला अजून महाग समजणारं एक सरकारच निघालं. डीएल गेलं, केए ६३ आलं. पानवाला म्हणाला, आता गाडी आपल्यातली वाटते. ह्या वाक्यानं बेंझरावांचा दिवस गेला.

टॅक्स भरल्यापासून ते आठवड्यातले बरेच दिवस चिगरीनं येतात. चिगरी म्हणजे आमच्या हुबळी-धारवाडची बीआरटीएस, २०२० मध्ये रीतसर सुरू झालेली, वातानुकूलित, स्वतःच्या राखीव पट्ट्यातून सुसाट जाणारी. शिपाई पहिल्यापासून तिच्यानंच येतो. परवा दोघं शेजारी बसले होते. डावीकडच्या गर्दीत अडकलेल्या मोटारी मागं टाकत बस निघाली तसा शिपाई म्हणाला, "ही पण एसी, ही पण फॉरेनची. व्होल्व्हो आहे सर. पार्किंगची कटकट नाही." बेंझराव काही बोलले नाहीत. उणकल तळं मागं पडलं, नवलूर गेलं. ते डोळे मिटून बसच्या दणक्यांचा अंदाज घेत होते. मग म्हणाले, "सस्पेन्शन एअरचं दिसतंय." ज्युबिली सर्कलला उतरल्यावर शिपाई रस्ता ओलांडायला लागला, पण बेंझराव फलाटावरच थांबले. बसच्या पुढं गेले, वाकून ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केली. काच सरकली.

"एष्ट कोडतैत्री?"