मागं मास्तर असतो!

शेवग्याचं झाड गुरुजींच्या परसात आहे आणि त्याच्या निम्म्याहून जास्त फांद्या आमच्या हद्दीत. त्यामुळं रविवारी सकाळी गुरुजी आकडी घेऊन शेंगा पाडायला आले, की वेचायला मी भिंतीच्या अलीकडं हजर असतो. शेंगा निम्म्या निम्म्या, बोलणं मात्र सगळं त्यांचं. भिंत कमरेएवढी. मधली एक वीट कधीची निखळलीय, त्या खोबणीत वहिनी चहाचे कप ठेवतात. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिलेत, म्हणजे निवृत्ती दारात आलीय. मी बँकेत कारकून, म्हणून त्यांच्या लेखी ‘बँकवाले’.

गेल्या रविवारी सुरुवात ‘छावा’पासून झाली. आमच्या चिरंजिवांनी तो सिनेमा आतापर्यंत तीनदा पाहिलाय. मी आपलं सहज म्हटलं, विकी कौशलनं काय काम केलंय हो!

“केलंय की. नाही कोण म्हणतंय?” गुरुजींनी आकडी एका शेंगेत अडकवली. “पण गोष्ट कुणाची?”

“संभाजी महाराजांची.”

“ते झालंच. कादंबरी कुणाची, ते विचारतोय.”

“शिवाजी सावंतांची.”

“आणि सावंतांचा पगार कशाचा होता?”

हे मला ठाऊक नव्हतं. पोरगा फळ्यापाशी अडकला की गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरत असेल, तो पसरला. “कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिक्षक होते. ‘मृत्युंजय’ आलं 1967 साली, तेव्हाही मास्तरकीच चालली होती. तुम्ही पडद्यावर विकी कौशल बघता बँकवाले, पण मागं मास्तर असतो!”

शेंग पडली. आमच्या बाजूला.

हा त्यांचा सिद्धांत नवा नाही. गेली दहाबारा वर्षं मी तो ऐकतोय. कशाचाही विषय काढा, सिनेमा, कुस्ती, रेल्वे, गुरुजी फिरून फिरून त्याच्या मागचा मास्तर हुडकून काढतात. आधी मला वाटायचं, माणूस आपल्या जातभाईंची टिमकी वाजवतोय. अजूनही वाटतं. पण खोडून काढायला गेलं की दर वेळी आपणच उघडे पडतो, ही पंचाईत आहे.

आता ‘श्यामची आई’च घ्या. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले 1954 मध्ये आणि पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी सिनेमाला मिळालं. एवढं मलाही माहीत होतं. गुरुजींचं म्हणणं, ते पदक सिनेमावाल्यांचं नव्हेच, शिक्षण खात्याचं. पुस्तक लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले शिक्षक. सिनेमा काढणारे आचार्य अत्रे पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे हेडमास्तर राहिलेले, शिवाय ‘नवयुग वाचनमाला’ काढून पोरांच्या दप्तरात शिरलेले. “मास्तरानं लिहिलं, हेडमास्तरानं काढलं. नट-नट्या मधल्या सुट्टीपुरत्या!” असं म्हणून स्वतःच हसले. 2023 साली सुजय डहाकेंनी तोच ‘श्यामची आई’ पुन्हा काढला, त्यालाही उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्तर वर्षांनी त्याच धड्यावर परत पैकीच्या पैकी, हा गुरुजींचा शेरा.

“आणि तुमच्या स्नेहसंमेलनात ‘गुलाबी साडी’वर नाच झाला, त्याच्या मागं कुठला मास्तर होता?” मी आपला एक दगड मारून बघितला.

“मीच होतो की!” गुरुजी जराही अडखळले नाहीत. “पोरींनी ‘गुलाबी साडी’च पाहिजे म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं धरा. गाणं करणारा संजू राठोड जळगावकडचा पोरगा, मराठीत गातोय आणि अख्खा देश नाचतोय, मग आमच्या पोरींनी काय घोडं मारलंय? फक्त पहिली ओळ शुद्धलेखनासाठी घातली सगळ्यांना. साडीतला ‘डी’ दीर्घ. आता एकही पोरगी चुकत नाही.”

आतून वहिनींचा आवाज आला, “आणि साड्या माझ्या नेल्या होत्या, ते सांगा त्यांना. दोन अजून परत यायच्यात.”

खेळाच्या बाबतीत मात्र कराडच्या माणसाशी वाद घालू नये. आमच्या तालुक्यातलं गोळेश्वर म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव. 1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्री-स्टाइल कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पुढचं यायला 1996 उजाडलं, ते लिअँडर पेसचं. ही उजळणी आमच्याकडं लहान पोरंही करतात. गुरुजींना मात्र पदकापेक्षा त्या आधीच्या हिशेबात जास्त गोडी. जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं आमच्याकडं सांगतात.

“तुम्ही बँकवाले,” गुरुजी आकडी माझ्याकडं रोखून म्हणाले. “द्याल का हो कर्ज? विद्यार्थ्याला कुस्ती खेळायला पाठवायचंय, तारण मास्तरचं घर. कुठल्या योजनेत बसवाल?”

खरं सांगायचं तर नसतं बसवलं. फाइल परत केली असती, शेरा मारून. एरवी मी गुरुजींना उलट बोलतो, त्या क्षणी खाली वाकून शेंगा वेचत राहिलो.

त्यांचं पुढं चालूच. ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला 2024 साल यावं लागलं, म्हणजे 72 वर्षं. स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. “आणि वडील?” त्यांनी विचारलं. हे मला येत होतं. वडील शिक्षक. मी ते मुद्दाम सांगितलं नाही, कारण एकदा सांगितलं की तो मुद्दा त्यांच्या खात्यावर जमा. पण न सांगूनही जमा झालाच.

तेव्हा मी हुकमाचं पान काढलं. 2 नोव्हेंबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. त्या रात्री भिंतीच्या दोन्ही बाजूंनी फटाके उडाले होते. “आपली स्मृती मानधना,” मी म्हटलं, “सांगलीत वाढलेली. मोठा भाऊ महाराष्ट्राकडून सोळा वर्षांखालच्यांत खेळायचा, त्याचं बघून बॅट धरली तिनं. तिथं मास्तर कुठाय?”

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. “भाऊ म्हणजे वरच्या वर्गातला मॉनिटर. मास्तर नसला की वर्ग मॉनिटरच घेतो.” याला पळवाट म्हणतात, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी लगेच गाडी खो-खोवर वळवली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्हीकडं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. “तुम्ही बघितला?” त्यांनी विचारलं. मी नव्हता बघितला. “खो-खोला ना बॅट लागते ना पॅड. दोन खांब, मैदान आणि शिट्टी. शिट्टी कुणाच्या गळ्यात असते?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

मग मी शेवटचा डाव टाकला. “सूरज चव्हाण.”

गुरुजी थांबले. ‘बिग बॉस मराठी’ ते बघत नाहीत असं सांगतात, पण 2024 च्या त्या पर्वात रात्री नऊनंतर त्यांच्या घरातून येणारा रितेश देशमुखचा आवाज मी ऐकत होतो. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा पोरगा, आईबाप लहानपणीच गेले, शाळा मधेच सुटली, मोबाइलवर रिल्स करता करता घराघरांत पोचला आणि शेवटी तो ‘बिग बॉस’ जिंकला. त्याच्या मागं कोण मास्तर?

“कुणी नाही,” गुरुजी म्हणाले. आकडी त्यांनी झाडाला टेकवून ठेवली. “तिथं असायला पाहिजे होता. आठवीच्या आसपास गळतात पोरं. आम्ही दोन चकरा मारतो घरी, तिसरी मारत नाही. माझेच चार-पाच असे आहेत. एक ऊसतोडीला जातो, एक ढाब्यावर आहे. सगळ्यांना काही बिग बॉस मिळत नाही.”

मला वाटलं, जिंकलो. पण जिंकल्यासारखं काही वाटेना, म्हणून विषय राजकारणाकडं नेला. राजकारणावर गुरुजी खुशीत येतात.

तिथंही त्यांचा मास्तर तयार होता. मधु दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, राजापुरातनं पाच वेळा लोकसभेत गेले, जनता सरकारात 1977 ते 1979 रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात तोवर नुसत्या लाकडी फळ्या असायच्या, त्यांच्यावर फोमची गादी आली ती दंडवत्यांमुळं. “घर्षण म्हणजे काय, हे त्याला कळत होतं!” गुरुजी म्हणाले. “तुम्ही कोयना एक्स्प्रेसनं मुंबईला जाता, पाठ टेकता. दंडवत्यांची आठवण काढत जा.” हे मात्र मी मनापासून मान्य केलं. लाकडी फळीवर रात्र काढलेले माझे वडील ती गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगायचे, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

आत्ताच्या राजकारणावर गुरुजी नावं घेत नाहीत. नोकरी आहे अजून. पण सातवीच्या वर्गातली एक गोष्ट त्यांनी सांगितली. पक्षांतरबंदीचा विषय निघाला होता, 1985 ची घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची वगैरे. एका पोरानं हात वर केला. गुरुजी, आता शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन, मग फुटलेला कोण आणि राहिलेला कोण? गुरुजी म्हणे दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, बाळा, ज्याच्याकडं हजेरीपट त्याचा वर्ग. परीक्षेत हे लिहू नको.

हिंदीच्या भानगडीवर मात्र ते तडक बोलले. पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, असा सरकारी निर्णय एप्रिल 2025 मध्ये आला, जूनमध्ये त्यात बदल झाला, आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळालेला. “पहिलीच्या पोराला तीन भाषा शिकवा म्हणतात. आधी शाळेला तीन मास्तर तर द्या! वाड्या-वस्त्यांवर दोघांत चार-पाच वर्ग चालतात. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला, दुसरा खिचडीचा हिशेब लिहितोय. भाषा कुठली बोलायची, ते पोरंच ठरवतात तोवर.”

निवडणुकीचं नाव निघालं तशी मला एक आठवण झाली. पुणे विभागातल्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या याद्या दर सहा वर्षांनी नव्यानं होतात. पदवीधराचा नमुना 18, शिक्षकाचा नमुना 19. माझा अठरा नंबरचा फॉर्म भरून झाला होता. मी म्हटलं, “गुरुजी, तुमचा एकोणीस भरला का? विधान परिषदेत सात आमदार शिक्षकांचे असतात. मास्तरांचा मास्तर निवडायची संधी!”

वहिनी कप उचलायला आल्या होत्या, त्या हसल्या. गुरुजींनी आकडी उचलली.

“मीही अठराच भरलाय,” ते म्हणाले. “बी. ए. आहे ना.”

“मग एकोणीस?”

“एकोणीसला माध्यमिक किंवा त्याच्या वरची शाळा लागते. गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं तरी तिथं शिकवलेलं पाहिजे. मी प्राथमिकचा. यादीत मी पदवीधर आहे हो बँकवाले. शिक्षक नाही.”

शेवटची शेंग उंच होती. दोनदा हुकली, तिसऱ्यांदा त्यांच्याच बाजूला पडली. 2020 च्या डिसेंबरात त्या मतदानाला त्यांची ड्युटी होती. शिक्षक मतदार एकेक करून आत येत होते आणि पसंतीचा आकडा लिहायचं जांभळं पेन दिवसभर गुरुजी त्यांच्या हातात देत होते.