टोचनाचा झटका : दोरीने बांधलेल्या कणांची गणितं, नवशिक्यांसाठी

साहित्य: ट्रॅक्टर एक, बंद पडलेली जीप एक, दोर एक. रोवणीच्या दिवसांत पोंभुर्ण्यात हे तिन्ही न मागता मिळतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा धानाचा पट्टा, पुढे वैनगंगा आणि तिच्यापलीकडे गडचिरोली. भर पावसात बांधीकडे नेलेली गाडी स्वतःच्या पायाने परत येईलच असं नाही, म्हणून टोचन लावणं इथे प्रत्येकाला येतं. अकरावीच्या पुस्तकात मात्र ट्रॅक्टरला कण म्हणतात, जीपलाही कणच म्हणतात. जमीन गुळगुळीत असते आणि दोर बिनवजनाचा, तसूभरही न ताणणारा. नवशिक्याने पहिल्याच दिवशी इथे पोटभर हसून घ्यावं, पुढे वेळ मिळत नाही. घर्षणच नसेल तर ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरतील. मग तो निघाला कसा? हे पुस्तक सांगत नाही आणि आपण विचारायचं नाही. गणित नेहमी तो निघाल्यानंतर सुरू होतं.

आता मांडणी. ट्रॅक्टर २४०० किलोचा. जीप १६०० किलोची, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेली. (खरंच सोडलाय ना, एकदा बघून या.) मधे दोर सैल पडलेला. ट्रॅक्टर सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जातो, दोर चिखलातून उचलला जातो, ताठ होतो आणि खाडकन झटका बसतो. नवशिका लगेच विचारतो, ‘दोरात टेन्शन किती?’ हा प्रश्न विचारू नये. दोर खरोखरच ताणत नसेल तर झटका शून्य वेळात उरकतो आणि बल अनंत निघतं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात; अनंताशी वाद घालायला तिथे सवड नाही. म्हणून बल आणि वेळ वेगवेगळे न मागता दोघांचा गुणाकार मागतात. तोच आवेग. झटक्याच्या पोटात काय घडलं ते दोराला ठाऊक, आपण आधीचं आणि नंतरचं बघायचं.

नंतरचं म्हणजे एवढंच: ताठ दोराची दोन्ही टोकं दोराच्या दिशेत एकाच वेगाने जातात. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. आधीचा संवेग २४०० गुणिले २, म्हणजे ४८००. तो आता ४००० किलोंनी मिळून वाहायचा, म्हणून वेग १.२. जीप शून्यावरून १.२ वर आली, म्हणजे तिला मिळालेला आवेग १६०० गुणिले १.२, अर्थात १९२० न्यूटन-सेकंद. पडताळा ट्रॅक्टरकडून घ्या: त्याचा वेग ०.८ ने उतरला, २४०० गुणिले ०.८, पुन्हा १९२०. देणं-घेणं जुळलं की पान उलटा.

पण एक सापळा आहे. गतिज ऊर्जा आधी ४८०० ज्यूल होती, नंतर उरली २८८०. म्हणजे गेली १९२०. आवेगही १९२०! हुशार मुलं इथे स्वतःच्या नावाचा नियम काढायला बसतात. नियम-बियम काही नाही. गेलेली ऊर्जा म्हणजे आवेग गुणिले सुरुवातीचा वेग, भागिले २, आणि आपला वेग नेमका २ होता. वेग ३ घेऊन बघा: आवेग २८८०, ऊर्जा ४३२०.

खरा दोर थोडा ताणतो, म्हणून टिकतो. झटका ०.१ सेकंद चालला तर सरासरी बल १९,२०० न्यूटन, जवळपास दोन टनांचं वजन. नायलॉन ताणून वेळ वाढवतो आणि बल उतरवतो. लोखंडी वायररोप जेमतेम ताणतो, तोच आवेग कमी वेळात उरकतो आणि जीपचा हूक उपटून हातात देतो. चाकं बांधीत पक्की रुतली असतील तर आणखी वाईट: जीप हलत नाही, ट्रॅक्टर जागीच थांबतो आणि दोरावर सगळाच्या सगळा ४८०० येतो. अशा वेळी ‘संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार’ असं लिहून मोकळं होऊ नये. बाहेरून कोण धरून बसलंय ते आधी बघावं. इथे चिखल असतो, विहिरीच्या गणितात कप्पीचा आस. म्हणून कप्पी दिसली की दोन्ही टोकांची समीकरणं वेगळी लिहावीत. गुरुत्वाकर्षण मात्र झटक्यापुरतं खुशाल सोडावं.

इकडचा ट्रॅक्टरवाला यातलं काहीच लिहीत नाही. तो मागे वळून ओरडतो, ‘‘थांब न बे, पयले दोर तनू दे, मंग गिअर टाक!’’ दोर ताठ होताना वेग जवळजवळ शून्य, म्हणून आवेगही जवळजवळ शून्य. पुस्तकातला एकही कण त्याचं ऐकत नाही. ऐकलं असतं तर परीक्षकांनी विचारलं काय असतं?

सरावासाठी: ट्रॅक्टर धुऱ्याकडे तिरपा निघाला, दोर ताठ होतो त्या क्षणी त्याचा वेग २, दोराशी ६० अंशांत. धुऱ्यापाशीही जमीन गुळगुळीतच धरायची. दोराच्या काटकोनातल्या वेगाला दोर हात लावत नाही, तो तसाच राहतो. आवेग किती? उत्तर ९६० न्यूटन-सेकंद. १९२० आलं असेल तर कोन घ्यायचा राहिला. १६६३ आलं असेल तर कोसाइनच्या जागी साइन घेतलात.