घाटावरचा, घाटाखालचा आणि सायकलवरचा

पन्नाशी उलटलेला माणूस सकाळी सहा वाजता सायकलवर दिसला, की बुलढाण्यात पहिली चौकशी होते ती त्याच्या मोटारसायकलची. "काहून जी सर, गाडी बिघडली काय?" नाही म्हटलं, तर दुसरी चौकशी रक्ताच्या रिपोर्टची. "मंग, शुगर निघाली?" गाडीही धड आहे, रक्तही धड आहे आणि तरीही माणूस आपखुशीने पायडल मारतोय, ही शक्यता आमच्या चौकात अजून कुणाच्या डोक्यात आलेली नाही. म्हणून हल्ली मी पहिल्याच प्रश्नाला "हो, बिघडली" म्हणून टाकतो. विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि माझा दम वाचतो. पुढे राजूर घाटात तो लागणारच असतो.

सरकारी दप्तरात बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा आहेत. आमच्या बोलण्यात जिल्ह्याचे भाग दोनच, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालचे. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. बदली झाली तर ती वर झाली की खाली, सोयरीक जुळली तर मुलगी वर दिली की खाली, हे आधी विचारतात. गावाचं नाव नंतर.

आमच्या घरात तर ही कड थेट स्वयंपाकघरातून गेली होती. आई घाटाखालची, वडील घाटावरचे. "तुमच्याकडच्या खाऱ्या पाण्यात डाळ तरी शिजते का?" असं वडील म्हणायचे. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा त्यांना भांडणात फार उपयोगी पडे. आई म्हणायची, "आमच्याकडं काळी जमीन हाय, कापूस हाय. तुमच्याकडं काय, तर वारा!" हा वाद चाळीस वर्षं चालला. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच तो घाट कधी पायी चढलं नाही. एसटीत मात्र दोघांनाही सारखंच मळमळायचं.

मी तो घाट सायकलवर चढायला घेतला तो या वादाचा निकाल लावायला नव्हे. पोट सुटलं होतं, इतकंच. पण चढताना कळलं, की आपण आयुष्यभर 'घाटावर' म्हणत आलो, पण त्यातला 'वर' कधी मोजला नाही. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आणि मलकापूर अडीचशेच्या. मधले चारशे मीटर एसटीच्या तिकिटात फुकट मिळतात. सायकलवर त्यांचा हिशोब मांड्यांमधून चुकता करावा लागतो.

उतरताना अर्थातच काही वाटत नाही. राजूर घाट उतरताना माणूस स्वतःला तरुण समजतो. शर्टात वारा भरतो, डोळ्यांतून पाणी येतं, कठड्यावरची वानरं माना वळवून बघतात. गार हवा एकेका वळणाला कोमट होत जाते आणि मोताळ्याच्या बाजूला सपाटीवर आलो, की कुणीतरी ओल्या टॉवेलने तोंड पुसावं तशी घाटाखालची दमट ऊब लागते. आईच्या माहेरची हवा. तिथे चहा घ्यायचा, शेंगदाणे खिशात टाकायचे आणि मागे वळून डोंगराकडे बघायचं. बघायचं नसतं खरं तर.

चढताना जग फार हळू होतं. उतरताना जे नुसतं हिरवं होतं, ते आता एकेक झाड होतं. हा सागवान, हा पळस, ही सालई. ही मोरी, हिच्यावर बसता येईल. हा किलोमीटरचा दगड, याच्यावरही बसता येईल. चढणीवर माणसाची सृष्टी दोनच जातींत विभागली जाते, बसता येण्याजोगी आणि न येण्याजोगी. मागून येणारी काळी-पिवळी हॉर्न वाजवते, आतली बारा माणसं तेरा नजरांनी बघतात आणि एखादा दयाळू ड्रायव्हर वेग कमी करून विचारतो, "टपावर टाकू का सायकल?" तीन वेळा नाही म्हणालो आहे. चौथ्या वेळी म्हणालो असतो की नाही, हे सांगता येणार नाही, कारण चौथ्यांदा कुणी विचारलंच नाही.

वर पोचलं की मी एक खेळ खेळतो. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेला जातं. ती इथेच बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते, येळगावच्या धरणात थांबून आम्हाला प्यायला पाणी देते आणि पुढे वर्धेतून, प्राणहितेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. उत्तरेकडचं पाणी घाट उतरून नळगंगा, ज्ञानगंगेतून पूर्णेला आणि तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्राला. घाटमाथ्यावर सायकल उभी केली, की ढोबळमानाने पुढचं चाक एका समुद्राचं आणि मागचं दुसऱ्याचं. हँडलवर वाकून मी घाम टिपतो, तेव्हा कुठला थेंब कुठल्या समुद्राला पाठवायचा हे ठरवता येतं. मास्तराला एवढी सत्ता एरवी मिळत नाही.

खामगावकडे जायला बोथ्याचा घाट. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो आणि इथे मी बसण्याजोगे दगड शोधत नाही, कारण या जंगलात अस्वलं पुष्कळ. याच जंगलात २०१९ च्या अखेरीस एक वाघ पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला. नोंदीत त्याचं नाव टी-१ सी-१, इंग्रजीत लोक त्याला 'वॉकर' म्हणत. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत नऊ महिन्यांत तीन हजारांवर किलोमीटर चालला. हद्द आणि जोडीदारीण शोधत आला असावा, असं जाणकारांचं म्हणणं. आणि ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एवढा घाट चढून आला आणि घाटावर स्थळच नाही! त्याला वाटेत कुणी "गाडी बिघडली काय?" म्हणून विचारलं नाही, याचा मला थोडा हेवा वाटतो.

परदेशात अशा रस्त्यांचं फार कौतुक असतं. इंग्लंडात यॉर्कशायर म्हणून परगणा आहे, तिथे 'मूर' म्हणजे उंचावरचं ओसाड माळरान आणि 'डेल' म्हणजे त्यातलं खोरं. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत २०१४ साली तिथून सुरू झाली, तेव्हा गावोगाव लोकांनी जुन्या सायकली पिवळ्या रंगवून भिंतींवर टांगल्या होत्या. फोटो बघितले तेव्हा वाटलं, हे तर आपलं बरड, फक्त ओलं. मेहकरकडून लोणारला जाताना असाच माळ लागतो. आकाश मोठं, झाड एखादंच, समोरून वारा, आणि ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. सोयाबीनवरून सायकल नेणं ही कला आहे. मी ती दोनदा आडवा पडून शिकलो. नंतर अचानक जमीन संपते आणि जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं उल्केनं पाडलेलं विवर समोर येतं. आम्ही घाटावरचे लोक, पण लोणारला घाटावरच पुन्हा घाटाखाली उतरता येतं.

जिल्ह्यातून समृद्धी महामार्गही गेला आहे. त्यावर सायकलला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी त्याच्या खालच्या बोगद्यातून जातो. डोक्यावरून मोटारी सुं सुं करत नागपूर-मुंबईला निघालेल्या असतात. खाली सावलीत दोन म्हशी, त्यांचा मालक आणि मी. तो काही न बोलता माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबून बघतो. खेड्यातला प्रत्येक माणूस हे करतो, परवानगी न विचारता, डॉक्टरने नाडी बघावी तसा.

परवा घाट चढून आलो, तर नेहमीच्या चहावाल्यानेही तेच केलं. मग विचारलं, "खाली काय काम होतं जी?"

"काही नाही."

"म्हंजे नुसतं उतरले अन् नुसतं चढले?"

"हो."

त्याने बराच वेळ विचार केला. चहा ओतला, त्यात मला नको असलेली साखर जास्तीची टाकली आणि म्हणाला, "हवा कमी हाय. म्हनून जड गेलं तुमाले."