शेपटीवाले साहेब

मलकापूर-नांदुऱ्याकडं, घाटाखालच्या उन्हात, मोटारसायकलच्या मागं नायट्रोजनचं कॅन आवळून कोणी चाललेलं दिसलं, की पोरासोरांनाही कळतं : कोणाची तरी गाय माजावर आली. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कॅनमध्ये उणे १९६ अंश, आणि या दोहोंच्या मधे साहेब, घामाघूम.

मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था काढली आणि दारात येऊन गाय भरवण्याची रीत महाराष्ट्रात रुजली. तेव्हापासून वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या घेऊन फिरणारे कांडीवाले पुष्कळ झाले. आपले साहेब त्यातले, पण त्यांची जात वेगळी. दर दोन-तीन तालुक्यांत असा एखादा निघतोच. बाकीचे वळूची थोरवी गातात : आई किती लिटर द्यायची, गीर की होल्स्टीन. शेतकऱ्यालाही तेच हवं असतं. साहेबांना त्यात गोडी नाही. ते म्हणतात, “शुक्राणूच्या डोक्यात काय, बापाची कुंडली. पोचवते कोण? शेपटी!”

गावासाठी ते डॉक्टर. पदवीवाल्या डॉक्टरांसाठी नाहीत. हे त्यांना लागतं. म्हणून लेवेनहूक त्यांना फार जवळचा. डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी, पण १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगातून शुक्राणू बघून त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. “त्याच्याजवळ कुठं होती बीव्हीएस्सी?” असं साहेब विचारतात, तेव्हा म्हैससुद्धा रवंथ थांबवते.

शेपटी कशी हलते ते दाखवायला ते गाईचाच कासरा सोडून घेतात. एका टोकाला झटका देतात. लाट निघते आणि दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर मरते. “पाहा! मोटर एकाच टोकाला असली का हे असं होते. शुक्राणूच्या शेपटीत मोटर बुडापासून जवळजवळ शेंड्यापर्यंत.” मग नळ्या येतात. नळ्यांच्या नऊ जोड्या गोलात, मधे दोन एकेकट्या. डायनीन नावाची प्रथिनं शेजारच्या जोडीला ओढतात. नळ्या एकमेकींवर सरकू बघतात, पण बुडाशी बांधलेल्या असल्यानं सरकून जाता येत नाही, म्हणून शेपटी वाकते. आळीपाळीनं एकदा या अंगाला, एकदा त्या... इथं कासरा सुटलेली गाय उकिरड्याकडं निघालेली असते आणि व्याख्यान मोडतं. नऊ जोड्यांच्या पुढं साहेब क्वचितच पोचतात.

गाय धरून आणली की दुसरा अध्याय. एवढ्या बारीक जिवाला पाणी पाण्यासारखं लागत नाही, काकवीसारखं लागतं. शेपटी थांबली की तोही जागीच थांबतो. ताठ काडी नुसती इकडून तिकडं हलवली तर तो तसूभर पुढं सरकत नाही. जेवढा गेला तेवढाच परत. अमेरिकेतल्या पर्सेल नावाच्या शास्त्रज्ञानं १९७७ साली हे मोठ्या गमतीनं मांडलं होतं. साहेब त्याला सोसायटीच्या निवडणुकीचा दाखला जोडतात आणि समोरचा संचालक असला तर फी बुडते. पुढं जायचं तर शेपटी लवचीक हवी, वाकून लाट मागं ढकलणारी हवी. खरं म्हणजे वर पोचायला गर्भाशयाच्या आकुंचनाचीही मोठी मदत होते. साहेब हेही प्रामाणिकपणे सांगतात, पण आवाज एकदम खाली आणून.

२०२३ मध्ये क्योटोच्या इशिमोतो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि बातमी फिरली, की शुक्राणूनं न्यूटनचा तिसरा नियम मोडला. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. साहेबांनी मात्र पारावर न्यूटनची बाजू घेतली. नियम कोणी मोडला नाही. शेपटी आतून सतत ऊर्जा ओतते, म्हणून तिची लवचीकता मेल्या रबराची नाही, तिथं क्रिया-प्रतिक्रियेचा सरळ हिशेब बसत नाही, एवढंच. पारावरच्या मंडळींना न्यूटन हरलेला जास्त आवडला असता.

संकट येतं ते एकवीस दिवसांनी, गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली की. साहेब शेपटीवर आळ येऊ देत नाहीत. “माज सकाळी दिसला तर संध्याकाळी बोलवायचं. तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला. शेपट्या काय वाट पाहत बसतील?”

“हाव,” गाईवाली आजी म्हणते, “गाभन राह्यली का तुमची शेपटी, अन् उलटली का आमची गाय!”

यावर उत्तर नसतं. साहेब मुकाट्यानं कॅन उघडतात. वाफेतून पाव मिलीची कांडी निघते, दोन कोटींच्या आसपास थिजलेल्या शेपट्यांची. ही फुकट. कोमट पाण्यात तिला अर्धा मिनिट ठेवावं लागतं. आजी गाईला धरून उभी, हलता येत नाही. साहेब घड्याळाकडं बघतात, मग आजीकडं, आणि घसा खाकरतात.

“आजी, ते नऊ जोड्यायचं मागल्या खेपी अर्धंच राह्यलं होतं...”