आजोबांची बदली

(रंगमंचावर एकच खुर्ची. तिच्यावर टॉवेल टाकून जागा धरलेली. नट येतो, बसायला वाकतो, कुणीतरी डोळे वटारल्यासारखा पुन्हा ताठ उभा राहतो.)

आधीच सांगतो, या प्रयोगातले आजोबा काल्पनिक आहेत. हे वाक्य आजीनंच घालायला लावलंय. तिचं म्हणणं, घरात ते तसेच होते.

आमचं गाव शाहूवाडी. तालुका आमच्या नावाचा, बाजारपेठ मलकापूरची. म्हणजे मान आमचा, माल त्यांचा. घरातही हीच वाटणी. मान आजोबांचा, पगार आजीचा. आजी शाळेत शिक्षिका.

1978 च्या जुलैत शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार! त्यात आमचे आजोबा राज्यमंत्री. निवडणूक न लढता, विधान परिषदेतून आत शिरलेले. आजी त्याला ‘ढकलपास’ म्हणायची. त्याच सरकारात एन. डी. पाटील सहकारमंत्री, त्यांच्या सरोजताईही शिक्षिका. हे सांगून आजोबा आम्हांला दाबायचे, ‘बघा, मोठ्या माणसांच्या घरी असंच असतंय!’

तर सकाळी सातपासून दारात मास्तरांची रांग. काम एकच, बदली. कुणाला बायकोजवळ यायचंय, कुणाला बायकोपासून लांब जायचंय. आजी सगळ्यांना चहा द्यायची आणि अर्जातलं शुद्धलेखन तपासायची. ‘बदलीतली ली दीर्घ. पुन्हा लिहून आणा.’ निम्मे तिथंच कटायचे.

आणि 1979 च्या जूनमध्ये ऑर्डर आली. आजीचीच! मलकापूरहून थेट आंब्याला. आंबा म्हणजे घाटाच्या तोंडावर. पावसाळ्यात दमट फळ्यावर खडू उमटायचा नाही. आजोबांनी फोन उचलला.

(आजीचा आवाज) ‘कुणाला लावताय?’

‘वर. एक शब्द टाकतो.’

‘ठेवा खाली. माझी बदली रद्द झाली, तर दारातल्या मास्तरांना काय तोंड दाखवू?’

‘अगं, नियमात बसतंय. नवरा-बायको एका ठिकाणी पाहिजेत.’

(प्रेक्षकांना) आता त्याला पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात. तेव्हा नुसता संसार म्हणायचे.

‘मग तुमची बदली इकडं करून घ्या!’

(थांबतो. वर बघतो.) वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो ना, मंडळी? 17 फेब्रुवारी 1980, वार रविवार. इंदिराबाईंच्या केंद्रानं पुलोद बरखास्त केलं, राष्ट्रपती राजवट लागली. जानेवारीत उदयसिंगराव गायकवाड कोल्हापूरचे खासदार होऊन दिल्लीला गेलेले, फेब्रुवारीत आमचे आजोबा शाहूवाडीला आले. अख्ख्या तालुक्यात राष्ट्रपतींच्या सहीनं बदली झालेला हा एकटाच माणूस!

आजी दारातच म्हणाली, ‘ऑर्डर मिळाली का? रुजू व्हा.’ आणि हातात दळणाचा डबा दिला.

गाडी गेली, दिवा गेला, पोलीस गेला. मग एका सकाळी आजोबा तिला आंब्याला सोडायला निघाले, रत्नागिरी गाडीनं. विधानसभा विसर्जित होती, विधान परिषद होत नसती, त्यामुळं आमदारकी तेवढी शाबूत. एसटीत पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टरनं आजोबांना ओळखलं आणि एका मावशीला उठवलं.

(टॉवेल काढतो. खुर्चीच्या पाठीवर अक्षरं: ‘आमदारांसाठी राखीव’.)

आजोबा म्हणाले, ‘बस तू.’

‘मी आमदार आहे का? वर काय लिहिलंय, वाचा मोठ्यानं.’

आजोबांनी वाचलं. मोठ्यानं. आणि बसले. एका बाजूला आजी उभी, दुसऱ्या बाजूला मावशी उभी, मधे माजी राज्यमंत्री. आंब्यापर्यंत मान वर नाही! उतरताना मावशी आजीला म्हणाली, ‘तुमच्या मालकांचं पाय दुखत्यात व्हय?’

तसली सीट एसटीत अजून असते, वर लिहिलेलंही असतं. तिच्यावर बसलेला आमदार तुमच्यापैकी कुणी बघितला असेल, तर प्रयोग सुटल्यावर आत येऊन मला भेटा.

(टॉवेल खांद्यावर टाकतो, खुर्चीला वळसा घालून निघून जातो.)