शाकारणी की स्लॅब?

दर मे महिन्यात आमच्या कोकणातल्या घरात हा वाद पेटतो. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली काढला. आमची कौलं त्यानंतरची, वाद बहुधा त्याआधीचा. धाकटे काका म्हणतात, पत्रे टाका. थोरले म्हणतात, चार रिपा बदला, भागेल. मुंबईकर चुलतभाऊ फोनवरूनच स्लॅब ओततो. पैशांचा विषय निघाला की नेमकी रेंज जाते. शेजाऱ्यांनी स्लॅब टाकलाच. तीन पावसाळ्यांत तो गळू लागला, आता त्याच्यावर पत्र्याची शेड आहे. वानर मात्र निःपक्षपाती. आमच्याकडे कौलं फोडतात, तिकडे भल्या पहाटे पत्र्यावर कवायत करतात.

यंदाही ठरायच्या आत मृगाने गाठलं. माजघरात पातेलं ठेवलं होतं, ते काल भरून वाहिलं. थोरल्या काकांनी अखेर बदल मान्य केला. आता तिथे घमेलं आहे.